धुराचे सल्लागार

घरात आजारपण आले, लग्न ठरले अथवा धूर झाला, म्हणजे सल्ला देणाऱ्यांची उणीव पडत नाही; परंतु आजाराविषयी बोलताना माणूस निदान डॉक्टरच्या भीतीने आणि लग्नाविषयी बोलताना व्याह्यांच्या भीतीने जीभ आवरून धरतो, धुराविषयी बोलताना मात्र तो कोणाचीच भीडमुर्वत बाळगीत नाही. धूर सर्वांना दिसतो, सर्वांच्या डोळ्यांत जातो, आणि ज्याच्या डोळ्यांत तो गेला त्याला त्याचे कारणही तत्काळ दिसू लागते. या गोष्टीची जितकी प्रमाणे मला एका हिवाळ्यात अमेरिकेतील व्हर्माँट नामक राज्यात मिळाली, तितकी उभ्या नोकरीत मिळाली नव्हती. आणि माझ्या नोकरीचा धुराशी मुळीच संबंध नव्हता असेही नाही, ते पुढे ओघाने येईल.

व्हर्माँट हा अमेरिकेच्या ईशान्येचा, कॅनडाच्या सरहद्दीला लागून असलेला डोंगराळ मुलूख. नोव्हेंबर सरता सरता तेथे बर्फाचा अंमल सुरू होतो तो एप्रिल उजाडेपर्यंत उठत नाही, आणि जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली वीस अंशांवर गेला तरी कोणी त्याची वाच्यता करीत नाही. वाच्यता होते ती लाकडाची. लाकूड कोणत्या झाडाचे, कधी तोडले, कधी फोडले, कोठे रचले, त्यावर छप्पर आहे की नुसतीच ताडपत्री, या विषयांवर तेथील एरवीची अत्यंत मितभाषी माणसे घटकाघटका बोलत राहतात. लाकडाचे त्यांचे माप ‘कॉर्ड’ हे होय: चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब अशी रचलेली रास, म्हणजे 128 घनफूट; आणि ज्याच्या पडवीत आदल्या वर्षी फोडलेल्या मेपल-बर्चची चार-पाच कॉर्डांची भिंत उभी आहे, त्याच्या शब्दाला मार्चच्या पहिल्या मंगळवारी भरणाऱ्या गावसभेतही वजन असते, असे मला सांगण्यात आले आणि ते मला खरे वाटले.

आमचे जावई मूळचे पुण्याचे, संगणकाच्या व्यवसायातले आणि स्वभावाने अतिशय काटेकोर. त्यांनी तेथे नवे घर बांधून घेतले आहे, आणि त्या घराविषयी त्यांना जो विशेष अभिमान आहे तो असा की, ते गळत नाही. पाण्याने न गळणारी घरे आपल्याकडेही क्वचित आढळतात. हे घर हवेने गळत नाही. त्या देशात घराच्या दर्शनी दाराच्या चौकटीत एक अजस्र पंखा बसवून घरातील हवा बाहेर खेचतात, फटीफटींतून किती हवा आत शिरते ते यंत्राने मोजतात आणि त्याप्रमाणे दाखला देतात. तो दाखला जावईबापूंनी आम्हांला पाण्याचा पेला देण्यापूर्वी दाखविला. ज्याचे बालपण कौलारू घरात, दोन कौलांमधून दिसणाऱ्या आकाशाखाली गेले, त्याला घरात वारा शिरत नाही ही गोष्ट दाखला घेऊन मिरविण्याजोगी वाटावी याचे मला नवल वाटले. पण जावयाच्या घरी पहिल्याच दिवशी नवल बोलून दाखवू नये, एवढा पोच मला आहे.

अशा या कडेकोट घराच्या खालच्या मजल्यावर, दिवाणखान्यात, बिडाची एक सुबक शेगडी बसविलेली होती. तिला पुढे काचेचे दार, मागे सहा इंच व्यासाचा काळा नळ. तो नळ कोपर काढून भिंतीतून बाहेर पडे आणि घराच्या उत्तरेकडील अंगाने, उघड्या थंडीत, वर छपरापर्यंत जाई. घर गरम करण्यास विजेवर चालणारी दुसरी यंत्रणा होतीच. परंतु बर्फाच्या भाराने फांद्या मोडून तारांवर पडल्या म्हणजे वीज दोन-दोन दिवस येत नाही, तेव्हा शेगडी हवी, हे त्यांचे सांगण्याचे कारण. न सांगण्याचे कारण असे असावे की, व्हर्माँटमध्ये राहून घरात लाकडाची शेगडी नाही हे चारचौघांत बरे दिसत नाही.

शेगडी पेटविण्याचा समारंभ संध्याकाळी होई. जावईबापू गुडघे टेकून बसत, कागदाचे बोळे अंथरीत, त्यावर ढलप्यांची चौकट, त्यावर एक मध्यम वजनाचे फोडलेले लाकूड, अशी रचना मोठ्या निगुतीने करीत आणि काडी ओढीत. जाळ उठे, काचेवर तांबूस उजेड नाचे, क्षणभर सर्वांच्या मुद्रा प्रसन्न होत. मग शेगडीच्या दाराच्या वरच्या कडेशी धुराची एक पातळ निळसर पट्टी जमू लागे. ती थोडी बाहेर येई, थोडी मागे सरे, पुन्हा बाहेर येई, आणि आपल्याला कोणी अडवीत नाही अशी तिची खातरजमा झाली की शांतपणे दिवाणखान्यात प्रवेश करी. पाठोपाठ छताला लावलेला धोक्याचा भोंगा किंचाळू लागे. त्याच्याखाली उभे राहून टॉवेल फडकाविण्याचा मक्ता आमच्या आठ वर्षांच्या नातीकडे होता आणि ती तो खुर्चीवर चढून इतक्या उत्साहाने पार पाडी की, शेगडी धुरावी अशीच तिची अंतःकरणापासून इच्छा असावी, अशी मला दाट शंका येई. या सुमारास बाहेर जाऊन धुराड्याच्या टोकाकडे पाहिले असता तेथे निर्मळ आकाश दिसे.

पहिली जबानी शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने दिली. हे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, दुभत्या जनावरांचा व्यवसाय मुलावर सोपवून मोकळे झालेले आणि बोलण्यात अतिशय कंजूष. त्यांनी अंगणात उभे राहून, एक डोळा मिटून, अंगठा समोर धरून धुराड्याचे माप घेतले आणि दोन बोटे वर केली. त्याचा अर्थ धुराडे दोन फूट आखूड आहे असा होता. त्यांच्या म्हणण्यास शास्त्राधार नव्हता असे नाही. धुराडे छपरातून जेथे बाहेर पडते तेथून किमान तीन फूट वर असावे, आणि सभोवार दहा फुटांच्या आत जे काही असेल, मग ते छपराचे आढे असो की शेजारची भिंत, त्याहून ते दोन फूट उंच असावे, असा त्या देशातील सर्वमान्य दंडक आहे. कारण आढ्यावरून घसरून येणारा वारा धुराड्याच्या तोंडात शिरला तर धूर आल्या वाटेने परत फिरतो. जावयांनी शिडी लावून, टेप घेऊन मोजणी केली. धुराडे दंडकाप्रमाणे होते, किंबहुना चार इंच अधिकच होते. म्हातारबुवांनी ही मोजणी ऐकून घेतली आणि पुन्हा दोन बोटे वर केली.

नंतर व्यापारी मंडळींच्या कैफियती सुरू झाल्या. ज्याने शेगडी विकली त्याचे म्हणणे असे की, शेगडीत तिळमात्र दोष नाही, धुराडे उभारणाऱ्याने बाहेरच्या अंगाने नळ नेला तोच चुकला. धुराडे उभारणाऱ्याचे म्हणणे असे की, नळ कसाही नेला तरी ओले लाकूड धुरावणारच. लाकूडवाल्याने दोन फोडी हातात घेऊन एकीवर एक आपटल्या, त्यांचा खणखणीत आवाज आम्हां सर्वांस ऐकविला, आणि लाकूड ओले असते तर आवाज बद्द आला असता, तेव्हा कसूर शेगडीचा आहे, असा निर्वाळा दिला. प्रकरण अशा रीतीने जेथून निघाले तेथेच येऊन पोहोचले. मी हयातभर कचेरीत काढलेली असल्यामुळे मला या प्रवासात काही नवीन वाटले नाही. जावयांनी मात्र ओलावा मोजण्याचे दोन सुयांचे एक यंत्र मागविले आणि पडवीतील लाकडांना टोचून पाहण्यात एक अख्खा रविवार घालविला. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. ते वीस टक्क्यांच्या खाली उतरल्याशिवाय शेगडीत घालू नये, नाहीतर जाळाची बरीच शक्ती पाणी उकळण्यात जाते आणि उरलेला गार धूर नळाच्या आतल्या अंगाला डांबरासारखा काळा लेप देत वर जातो, जो पुढे एखाद्या रात्री पेट घेऊन घराचीच होळी करतो. आमची लाकडे अठरा टक्क्यांवर निघाली. लाकूडवाला निर्दोष सुटला.

संक्रांतीच्या तिळगुळाला बॉस्टनहून जावयांचे एक मराठी स्नेही सहकुटुंब आले होते. त्यांनी धुराने पाणावलेले डोळे पुशीत खिशातून होकायंत्र काढले, दिवाणखान्याच्या चारी कोपऱ्यांत जाऊन पाहिले, आणि अग्नीचे स्थान आग्नेयेस असताना तुम्ही त्याला वायव्येस, म्हणजे वायूच्या घरात नेऊन बसविलेत, मग वायू त्याला सुखाने कसा राहू देईल, असा सवाल केला. आम्ही सुशिक्षित माणसे असल्यामुळे सर्वांनी स्मित केले. भानगड वायूचीच होती हे नंतर सिद्ध झाल्यापासून त्या गृहस्थांची त्यांच्या मित्रमंडळीतील प्रतिष्ठा फारच वाढली असल्याचे समजते.

जावईबापूंचा भर अर्थातच ग्रंथांवर होता. त्यांनी एके संध्याकाळी माझ्या हाती जो मजकूर दिला तो बेंजामिन फ्रँकलिनचा निघाला. हा थोर पुरुष 1785 साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, फ्रान्सहून अमेरिकेस परत येताना जहाजावर बसून एक लांबलचक पत्र लिहीत होता. विषय होता धुरावणारी धुराडी, त्यांची कारणे आणि त्यांवरील इलाज. पत्र ज्याला लिहिले तो डॉ. इंगेनहौसही लहानसहान माणूस नव्हे. व्हिएन्नाच्या राजदरबारी वैद्यकी केलेला, आणि हिरवी पाने उन्हात प्राणवायू सोडतात हे दाखवून देणारा शास्त्रज्ञ तो हाच. ज्याने एका नव्या राष्ट्राच्या वतीने नुकताच इंग्लंडशी तह केला होता, त्या माणसाने समुद्रावरील निवांत दिवस मिळताच आठवणी न लिहिता धुराड्यांवर लिहावे, यावरून राज्यकारभार आणि धूर यांपैकी कोणता विषय माणसाच्या मनात अधिक खोल घर करतो ते कळून येते.

फ्रँकलिनने धूर होण्याची नऊ कारणे दिली आहेत. धुराडे आखूड असणे, चुलाण्याचे तोंड अवास्तव मोठे असणे, जवळच्या उंच इमारतीने अथवा टेकडीने वारा खाली लोटणे, ही त्यात आहेतच. पण यादीत पहिले स्थान त्याने दिले आहे ते या कारणाला की, नवे घर सुतारांनी इतके चोख बांधलेले असते की आत हवा यायला फटच राहत नाही. जेवढी हवा धुराड्यातून बाहेर जाईल तेवढी कोठून तरी आत आलीच पाहिजे. ती न आली तर धुराडे तरी बाहेर काय टाकणार? परीक्षेची युक्तीही त्याने दिली आहे: शेगडी पेटवून दार हळूहळू उघडीत जावे, धूर थांबला की तेथेच थांबावे आणि फटीचे क्षेत्रफळ काढावे; आठ फूट उंचीचे दार अर्धा इंच उघडावे लागले तर घराला अठ्ठेचाळीस चौरस इंचांच्या भोकाची गरज आहे असे समजावे. एका घराचे मात्र या नऊपैकी कोणत्याच कारणात निदान बसेना. अखेर धुराड्यावर चढून पाहिले तेव्हा ते गवत, चिखल आणि पिसे यांनी गच्च भरलेले सापडले. घर बरीच वर्षे रिकामे होते, तेवढ्यात पक्ष्यांनी तेथे बिऱ्हाड थाटले होते. अमेरिकेत आजही धुराड्यात घरटे करणारी पाकोळीची एक जात आहे. ती हिवाळा दक्षिण अमेरिकेत काढून उन्हाळ्यात परत येते, आणि 1918 च्या कायद्याचे तिला असे भक्कम संरक्षण आहे की, पिले घरट्यात असेपर्यंत घरमालक तिला बेदखल करू शकत नाही. आपल्याकडील कूळकायदा मनुष्यमात्रापुरताच थांबला.

फ्रँकलिनच्या पाठोपाठ जावयांनी मला काउंट रम्फर्ड वाचावयास दिला. हा मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेला, स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूने राहून देशत्याग केलेला, पुढे बव्हेरियाच्या चाकरीत सरदारकी मिळविलेला एक विलक्षण इसम. त्याने 1790 नंतरच्या दशकात लंडनमधील धुरावणारी चुलाणी दुरुस्त करण्याचा सपाटा लावला. इलाज एकच, धुराड्याचा गळा आवळून चार इंचांवर आणणे. सुमारे पाचशे धुराडी आपण हाताळली, असे तो स्वतःच लिहून ठेवतो. त्याचे नाव लंडनमध्ये इतके सर्वतोमुखी झाले की, जेन ऑस्टिनच्या एका कादंबरीतील नायिकेला प्राचीन मठात रम्फर्डचे नवे चुलाणे पाहून निराश व्हावे लागते. पुढे या गृहस्थाने प्रख्यात रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याच्या विधवेशी विवाह केला. बाईंनी मेजवानीला बोलाविलेल्या पाहुण्यांना एकदा त्याने फाटकाला कुलूप लावून बाहेर ठेवले. तेव्हा बाईंनी त्याच्या आवडत्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतले. पाचशे घरांतील धूर ज्याने घालविला त्याच्या स्वतःच्या घरात हे चालले होते.

अखेरीस, दोन शतकांचे ज्ञान पदरी असूनही दिवाणखान्यात धूर होतच राहिल्यामुळे, धुराडी झाडणाऱ्या माणसाला निरोप गेला. आली ती पंचविशीची एक मुलगी, खांद्यावर दांड्यांचा जुडगा आणि हातात काटेरी गोल ब्रश घेऊन. म्हातारबुवा कुंपणापाशी हजर होतेच. पण मुलीने छपराकडे पाहिलेच नाही. ती आत आली आणि तिने विचारले, “या घरात पंखे कोठे कोठे आहेत?” मग तिने न्हाणीघरातील पंखा पाहिला, कपडे वाळविण्याच्या यंत्राचा नळ पाहिला, आणि ओट्यावरील धूर-वाफ खेचणाऱ्या पंख्यापाशी येऊन ती थबकली. तेथे आमच्या सौभाग्यवती वांग्याच्या भाजीला फोडणी घालीत होत्या आणि पंखा, त्यांच्या रिवाजाप्रमाणे, सर्वांत वरच्या वेगावर होता.

मुलीला धुराची एक बारीक रेघ हवी होती. तिच्या पिशवीतील साधन संपले होते. देवघरात उदबत्त्यांचा पुडा होता. थंड शेगडीचे दार उघडून तिने उदबत्ती त्याच्यासमोर धरली, आणि आम्ही सर्वजण भोवती कोंडाळे करून पाहू लागलो. उदबत्तीचा धूर शेगडीत शिरण्याऐवजी स्वयंपाकघराच्या दिशेने आडवा झाला, इतका आडवा की रेघ जमिनीला समांतर दिसत होती. आणि शेगडीतून गार राखेचा वास आला. मुलीने पंखा बंद करविला. धूर उभा राहिला, पण अजूनही खोलीकडेच झुकत होता. तिने वर पाहिले आणि विचारले, “वरच्या मजल्यावर खिडकी उघडी आहे काय?” होती. धूर बाहेर जावा म्हणून आमच्या कन्येने रोज संध्याकाळी नातीच्या खोलीतील खिडकी उघडण्याचा परिपाठ ठेवला होता. ती बंद केली, खालच्या मजल्यावरील, वाऱ्याच्या बाजूची खिडकी दोन इंच उघडली, तेव्हा उदबत्तीची रेघ डळमळली, सरळ झाली, आणि वाकून शेगडीत शिरली. नातीने टाळ्या वाजविल्या, पण त्यात पूर्वीचा जोर नव्हता.

या प्रकाराची जी उपपत्ती मुलीने सांगितली ती मला पटली. धुराडे धूर ओढून घेते असे आपण बोलतो, पण ओढण्याचे काम कोणीच करीत नाही; नळातील तापलेली हवा हलकी असते, बाहेरची गार हवा जड असते, आणि ती जड हवा घराच्या फटींतून आत शिरून हलक्या हवेला खालून वर ढकलते. ही ढकल किती असावी? चांगल्या शेगडीला ती सुमारे बारा पास्कल पुरते. कचेरीतील साधे पांढरे कागद पंधरा एकावर एक ठेवले तर टेबलावर जेवढा भार पडेल तेवढीच ती. पंधरा पानांच्या प्रकरणाला आमच्या कचेरीत कोणी प्रकरण म्हणत नसे. आणि एवढ्या किरकोळ वजनाच्या जोरावर सगळा धूर वीस फूट वर चढतो. हिवाळ्यात ऊबदार घर हे स्वतःच एक मोठे धुराडे होऊन बसते: आतली गरम हवा वरच्या मजल्यावर चढून जेथे सापडेल तेथून निसटते, आणि खालच्या मजल्याला हवेची तहान लागते. ज्या घराला फटी आहेत तेथे ती तहान फटींतून भागते. आमच्या जावयांच्या घराला दाखल्याप्रमाणे फट नव्हती. सबंध घराला हवा घेण्यासाठी उरलेले मोठे द्वार एकच, आणि ते म्हणजे शेगडीचा नळ. तोही उत्तरेच्या भिंतीवर दिवसभर गारठून जड हवेने भरलेला. त्यात ओट्यावरचा पंखा. शेगडीला मिनिटाला वीस-पंचवीस घनफूट हवा मिळाली तरी तिचे भागते. तो पंखा मिनिटाला सहाशे घनफूट बाहेर फेकीत होता. एका घरात दोन चुली पेटल्या तर बलवान चूल दुबळीचा धूर खोलीत ओढते, असे फ्रँकलिनने चौथ्या कारणात लिहिलेले आहे. मोहरी-हिंगाच्या फोडणीचा विचार त्याने केला नव्हता इतकेच.

आता माझ्या नोकरीविषयी. पंचायत समितीत विस्तार अधिकारी असताना निर्धूर चुलींचे उद्दिष्ट माझ्या माथी होते. 1983 च्या सुमारास या चुलींची मोहीम देशभर निघाली. मातीची दोन तोंडांची चूल, तिच्यातून निघून कौलांवर जाणारा सिमेंटचा नळ, आणि ती बसविल्याबद्दल नोंदवहीत एक आकडा, असे कामाचे स्वरूप होते. मी गावोगाव हिंडून तपासणी केली आहे, त्यामुळे अनुभवाने सांगतो की, बायकांच्या तक्रारी व्हर्माँटच्या अगदी उलट असत. तेथे धूर जाईना ही पीडा. आमच्याकडे धूर जाई, पण एकटा जात नसे. एका म्हातारीने मला चुलीपुढे बसवून दाखविले: जाळ तव्याखाली न थांबता जीभ काढून सरळ नळाकडे धावे, भाकरी एका अंगाने कच्ची राही, आणि मागच्या वैलावरच्या डाळीला कढ येईना. “सायेब, धूर गेला ते बरं झालं, पर त्येच्यासंगं जाळबी गेला की,” ती म्हणाली. तिने नळाच्या तोंडाशी एक वीट सरकवून ठेवली होती. अमेरिकेत हीच वीट लोखंडाची करून, मूठ बसवून, ‘डँपर’ या नावाने विकतात. तिच्या दुसऱ्या तक्रारीला मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हते: धूर लागत नाही म्हणून छपराचे वासे किड्यांनी पोखरले, असे ती म्हणे. तेव्हा मी ते अज्ञान म्हणून सोडून दिले. पुढे वाचनात आले की, इंग्लंडात घरोघर धुराडी होऊ लागली तेव्हा, 1577 साली, विल्यम हॅरिसन नावाच्या एका धर्मोपदेशकाने हेच लिहिले होते: पूर्वी धूर घरात राही तेव्हा लाकूड टणक होई आणि घरधन्याची प्रकृती ठणठणीत राही. म्हातारीने हॅरिसन वाचला असण्याचा संभव कमी आहे.

मुलीने नळही झाडला, दोन पाट्या काजळी काढली, बाहेरच्या नळाला उष्णतारोधक वेष्टन घालण्याची शिफारस केली, धूर दिसतो पण कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, तेव्हा त्याचा भोंगा वेगळा आहे ना याची चौकशी केली (तो होता; जावई काटेकोर आहेत), आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला एक भोक पाडण्यास सांगितले. पंखा सुरू झाला की त्या भोकाची झडप उघडेल आणि पंख्याला त्याची हवा बाहेरून मिळेल, म्हणजे तो शेगडीच्या वाट्याला जाणार नाही. हे भोक पाडण्याचा खर्च ऐकून जावईबापू काही काळ दाखल्याकडे पाहत राहिले. घरात वारा येऊ नये म्हणून त्यांनी जे पैसे मोजले होते, त्याच्या शेजारी आता वारा यावा म्हणून मोजावयाच्या पैशांचा आकडा मांडावा लागत होता, आणि दोन्ही आकडे डॉलरमध्ये होते.

भिंतीला भोक पाडणारा कारागीर बर्फ वितळल्याशिवाय येणार नव्हता. तोपर्यंत सासूबाई आणि जावई यांच्यात एक तह झाला. तो नातीने सुवाच्य अक्षरात लिहून शीतकपाटावर चिकटविला. शेगडी पेटण्यापूर्वी सर्व फोडण्या आटोपाव्यात. पेटविण्याआधी एक वर्तमानपत्र पिळून, पेटवून नळाच्या तोंडाशी धरावे, म्हणजे आतील गार हवेचा खांब हलतो. खालची खिडकी दोन इंच उघडी, वरची पक्की बंद. शेगडी तापून तिचे दार मिटल्यानंतर पंख्याला पहिल्या वेगाची मुभा, दुसऱ्या-तिसऱ्यास मनाई. पापड तळणे असल्यास जावयांची पूर्वसंमती घ्यावी, हे कलम सौभाग्यवतींनी सही करण्यापूर्वी खोडले. तहाची अंमलबजावणी एकंदरीत बरी झाली. त्या दिवसापासून धुराड्यातून पांढरा, सडसडीत धूर वर जाऊ लागला आणि थोड्याच वेळात, लाकूड नीट पेटले की, तोही दिसेनासा होई. खिडकीच्या फटीतून येणारा शून्याखालचा वारा माझ्या खुर्चीच्या नेमका पाठीशी लागे. पण खुर्ची हलविण्याचा विषय तहात नव्हता.

भोक पडण्याच्या आतच एका रात्री बर्फाच्या ओझ्याने वीज गेली. पंखे मुळातच बंद झाल्यामुळे शेगडी अशी काही पेटली की, तिच्या निखाऱ्यांत सौभाग्यवतींनी भरताची दोन वांगी भाजून काढली. म्हातारबुवा कंदील घेऊन आमची खुशाली विचारण्यास आले होते, त्यांना बसवून घेतले. त्यांनी भरीत भाकरीबरोबर, तोंडातून एक शब्द न काढता, दोनदा मागून खाल्ले. मग जावयांनी त्यांना जड हवा, हलकी हवा, सहाशे घनफूट, वरची खिडकी, पंधरा कागद, सर्व क्रमवार समजावून दिले. म्हातारबुवांनी शेगडीतील सरळ वर जाणाऱ्या जाळाकडे पाहत ते सर्व शांतपणे ऐकले, टोपी घातली, दारापर्यंत गेले, अंगणात उभे राहून कंदील उंच धरला, छपराकडे एकवार निरखून पाहिले, आणि आमच्याकडे वळून दोन बोटे वर केली.